ठकूबाईच्या पाच भाकरी

आमच्या तालुक्यात ज्याला माणसांपेक्षा कुत्री जास्त ओळखतात असा एकच इसम आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. मामा एसटीतून उतरले की पानटपरीवाला मान वर करत नाही, रिक्षावाला विचारत नाही, पण स्टँडच्या आवारात पडलेली चार कुत्री अंग झाडून उभी राहतात आणि त्यांना वेशीपर्यंत पोचवायला जातात. मामांचंही तसंच. माणसांची नावं त्यांच्या डोक्यात टिकत नाहीत. 'उमापूरचा तो काळ्या कुत्र्यावाला', 'दिंद्रुडची ती म्हातारी, जिचं कुत्रं लंगडतंय' अशी त्यांची ओळखीपाळखीची वही आहे. आमच्या लग्नात सासऱ्यांनी माझी ओळख करून दिली, "हे जावई, नगरपंचायतीत हायेत." मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "घरी कुत्रं कोनतं हाय?" मी म्हणालो, कुत्रं नाही. मामांनी भाचीकडे वळून सुस्कारा टाकला. "बघ बाई आता. अक्षता तर पडल्या."

मामांची जीभ तशी तिखट. सरपंच असो की मास्तर, सगळ्यांना 'काय बे'. त्यांच्या तोंडून 'तुमी' हा मान मिळतो तो फक्त दोघांना, जावयाला आणि कुत्रीला. त्यांच्या कुत्रीचं नाव ठकूबाई. "ठकूबाई, तुमी जरा सावलीला बसा" आणि "जावईबापू, तुमी जरा सावलीला बसा" ही दोन वाक्यं मी एकाच दमात ऐकलेली आहेत, आणि त्यात माझा नंबर दुसरा होता. पहिल्यांदा मला राग आला. बायको म्हणाली, "राग कावून येतोय? आमच्या आत्याला तर ते अजून 'ए बे' म्हणतात."

मामांचं घराणं मेंढपाळांचं. उभी हयात मेंढरांमागं डोंगर तुडवण्यात गेली. लांडगा कुठल्या वळणावर बसतो हे त्यांना ठाऊक, आणि त्या वळणावर कुत्रं काय करतं हेही ठाऊक. आता गुडघे गेले, कळप सात-आठ मेंढरांवर आला, आणि गावाची नगरपंचायत झाली तेव्हा त्यांची वस्ती हद्दीत येऊन मामा बसल्या जागी शहरवासी झाले. नळ अजून आलेला नाही, पण घरपट्टी न चुकता येते. राहिली ती ठकूबाई. तिच्या आईची आई मामांच्या वडिलांच्या कळपात होती. ही अस्सल मूळ जातीची कुत्री, मेंढरामागं मरणाऱ्यातली. तिचं पिल्लू आपल्या मेंढवाड्यावर असावं म्हणून पाटोद्यापासून मेंढपाळ यायचे.

पण यायचे आणि घेऊन जायचे, इतकं ते सोपं नव्हतं. मामांच्या घराण्यात कुत्रं विकत नाहीत. मागून न्यायचं असतं, आणि तेही कुत्रीकडं मागायचं असतं. मागणाऱ्यानं घरच्या तव्यावरच्या पाच भाकरी आणि गुळाचा खडा घेऊन यायचं, ठकूबाईपुढं उकिडवं बसायचं आणि आपल्या हातानं एकेक तुकडा भरवायचा. तिनं खाल्लं तर पिल्लू तुमचं. तिनं तोंड फिरवलं तर आल्या पावली माघारी. पिल्लू दोन महिन्यांचं व्हायच्या आत भाकरी आणायची नाही, हा दुसरा नियम. मामा म्हणायचे, "दात यायच्या आदी आईपासून तोडलेलं पिल्लू चावायला शिकतं. पर कवा थांबायचं ते न्हाई शिकत. थांबायचं आई शिकवती."

एकदा एक पुढारी पांढऱ्या गाडीतून आले. बरोबर चार कार्यकर्ते आणि कागदात गुंडाळलेल्या पाच भाकरी. ठकूबाईनं वास घेतला, उठली आणि बाभळीखाली जाऊन पाठ करून बसली. कार्यकर्त्यांचे चेहरे पडले. मामा म्हणाले, "भाकरी हाटेलातली हाय सायेब. कुनाच्या हातची ते तुमाला बी ठाव न्हाई, मग तिला कसं ठाव असनार?" तिसऱ्या दिवशी पुढारी एकटेच, स्वतः गाडी चालवत, बायकोच्या हातच्या भाकरी घेऊन आले. ठकूबाईनं तीन खाल्ल्या, दोन ठेवल्या. मामांनी पिल्लू दिलं, पण निकालही सांगून टाकला, "दिलंय, पर मनापासून न्हाई दिलं. जपा." ते पुढारी पुढं निवडणूक हरले, तेव्हा मामांना जराही नवल वाटलं नाही.

मी स्वतः त्या परीक्षेला बसलो आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बायकोनं पहाटे उठून पाच भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या, आणि मी वस्तीवर जाऊन पॅन्टची इस्त्री विसरून उकिडवा बसलो. एकेक तुकडा तिच्या तोंडापुढं धरला. नोकरीच्या मुलाखतीलाही मी इतका जपून बसलो नव्हतो. ठकूबाईनं पाचही भाकरी खाल्ल्या, गूळ खाल्ला आणि वर माझा तळहात चाटला. मामांनी इतक्या जोरात मांडीवर थाप मारली की मेंढरं बुजली. "जावई पास झाला!" त्यांच्या लेखी आमचं लग्न खरं त्या दिवशी लागलं. सोन्या आमच्या घरी आला तो असा.

दिलेलं पिल्लू दिलं आणि विसरले, असं मामांचं नाही. दर महिन्याच्या पहिल्या बाजारी ते आमच्याकडं येतात. आधी सोन्याचे दात बघतात, मग कान, मग पाण्याचं भांडं बोटानं पुसून शेवाळ आहे का ते बघतात. मग ओट्यावर बसून तीन चमचे साखर घातलेला चहा बशीत ओतून पितात. आणि चहा संपल्यावर, जाता जाता, "भाची कशी हाय?" असं विचारतात. उमापूर, दिंद्रुड, जिथं जिथं पिल्लू गेलं तिथं तिथं हाच शिरस्ता. एसटीचा अर्धा पास त्यांनी जणू कुत्र्यांच्या तपासणीसाठीच काढला आहे.

अशा माणसाच्या वाटेत गावातलं पहिलंवहिलं पेट शॉप आलं. स्टँडसमोर काचेचं दुकान. आत रंगीत पट्टे, मासे, आणि पुढच्या बाजूला काचेच्या कप्प्यात पिल्लं. कुत्र्याची, मांजराची, फळांच्या क्रेटमधून लांबच्या शहरातून आलेली. काहींचे तर डोळे नुकते उघडलेले. मामा त्या काचेपुढं उभे राहिले ते बाजाराची पिशवी खाली ठेवून तासभर उभेच. दुकानदार बाहेर आला. बरा, बोलका माणूस, पोटापाण्याला लागलेला. म्हणाला, "घ्यायचं का मामा?" मामांनी विचारलं, "ह्यांची आई कुटं हाय?" दुकानदार हसला. मामा हसले नाहीत. दुसऱ्या बाजारी ते पुन्हा तिथं. तिसऱ्या बाजारी पुन्हा. प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न, "आई बघितली का बे ह्याची?" गिऱ्हाईक गोंधळून निघून जाई. दुकानदारानं त्यांना एकदा चहा पाजला, एकदा हाकललं, शेवटी नाद सोडला.

मग मामा आमच्या कार्यालयात यायला लागले. आणि इथं एक गोष्ट सांगायला हवी. कार्यालयाची पायरी चढली की मामा मला जावईबापू म्हणत नसत. "भाऊसायेब, एक अर्ज लिवायचाय." पहिल्यांदा मी चमकलो, तर कानाशी येऊन म्हणाले, "हापिसात नातं काडायचं न्हाई. तुमच्या नोकरीला बट्टा नको." ते सांगत आणि मी लिहून घेत असे. 'आईवेगळी पिल्ले काचेत ठेवून विकणे बंद करावे ही विनंती.' खाली मामांची सही, जी त्यांना कागद आडवा धरूनच काढता येते. असे अर्ज किती झाले ते आवक नोंदवहीला माहीत. कार्यालयात त्यांना 'कुत्रेवाले मामा' नाव पडलं आणि हसणाऱ्यांत, खोटं कशाला सांगू, मीही होतो.

पण काळ बदलला. दुकानातून नेलेली मांजराची पिल्लं चार-पाच दिवसांत मरू लागली. एका नगरसेविकेच्या मुलीचं कुत्र्याचं पिल्लू तिच्या मांडीवर गेलं आणि ती पोर आठवडाभर जेवली नाही. सभेत आवाज उठला. मामांचे सगळे अर्ज एकदम बाहेर निघाले, आणि शहराच्या हद्दीत पिल्लांच्या विक्रीला बंदी घालायचं ठरलं. नियमाचा मसुदा करायचं काम मुख्याधिकारी साहेबांनी माझ्याकडं दिलं.

मला आयुष्यात कधी इतका उत्साह आला नव्हता. दुकानदार काय काय पळवाटा काढेल याचा मी रविवारभर विचार केला. पिल्लू फुकट आणि खाद्याचं पोतं विकत, असं म्हणाला तर? म्हणून लिहिलं, 'मोबदला रोख असो वा वस्तुरूपात.' दुकानाऐवजी घरातून द्यायला लागला तर? म्हणून लिहिलं, 'दुकानातून अथवा अन्य कोणत्याही जागेतून.' त्या महिन्यात मामा सोन्याचे दात बघायला आले तेव्हा मी त्यांना मसुदा ठसक्यात वाचून दाखवला. "वस्तुरूपात म्हंजी?" त्यांनी विचारलं. मी पोत्याचं उदाहरण दिलं. मामा बशी खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिले. "लई डोकं हाय जावईबापू तुमचं," ते म्हणाले, "आता कुटून सुटतोय त्यो?" आम्ही दोघं हसलो. आत बायको भाकरी थापत होती, तिच्या थापण्याचा आवाज येत होता, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात काही शिरलं नाही.

नियम झाला. काचेचे कप्पे रिकामे झाले, तिथं पोपटी रंगाचे पट्टे टांगले गेले. मामांनी काचेपुढं उभं राहून हात जोडले. दोन महिन्यांनी उमापूरकडचा एक मेंढपाळ फडक्यात भाकरी घेऊन ठकूबाईकडं आला. ती व्याली होती, चार पिल्लं दोन महिन्यांची झाली होती. दुकानदार कुणाच्या तरी सांगण्यावरून पाठोपाठ वस्तीवर गेला आणि त्यानं मोबाइलवर फोटो काढले. एका फोटोत मेंढपाळ, हातात भाकरी. दुसऱ्यात तोच मेंढपाळ, हातात पिल्लू. त्याच दिवशी तक्रार माझ्या टेबलावर आली. 'मला बंदी तर सर्वांना बंदी. सदर इसम वस्तुरूपात मोबदला घेऊन पिल्ले देत आहे.' माझेच शब्द होते. मी ते तीनदा वाचले.

सुनावणीला साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. साहेब, दुकानदार, मामा आणि कागद लिहायला मी. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. साहेब तरुण, बाहेरच्या जिल्ह्यातले, पण न्यायबुद्धीचे. त्यांनी मामांना खुर्ची दिली आणि विचारलं, "भाकरी घेतली का?" मामा म्हणाले, "मी न्हाई घेतली सायेब. ठकूबाईनी घेतली." दुकानदार खो खो हसला. साहेबांनाही हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "ठकूबाई कोण?" मग मामांनी सगळं सांगितलं. पाच भाकरी, गूळ, घरचा तवा. "कुत्री आई हाय सायेब. तिचं लेकरू न्यायचं तर तिला इचारायला नको? आमच्यात असंच चालत आलंय."

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. म्हणाले, "हा खरोखरच रिवाज असेल तर याला मोबदला म्हणता येणार नाही, तक्रार निकाली काढता येईल. पण फक्त यांच्या तोंडी सांगण्यावर कसं चालेल? ज्याला माहीत आहे असा कुणी पाहिजे." आणि ते माझ्याकडं वळले. "तुम्ही इथलेच ना? तुम्हाला माहीत आहे का असं काही?"

दुकानदाराच्या हातात मोबाइल होता, बोट त्यावरच. माझ्या डोक्यात एकाच क्षणात सगळं फिरलं. मसुदा मी लिहिलेला. हा माणूस माझ्या बायकोचा मामा. माझ्या अंगणात त्याच्याच कुत्रीचं पिल्लू बांधलेलं. उद्या हे बाहेर आलं तर लोक म्हणतील, कारकुनानं नात्यासाठी दुकान बंद पाडलं. चौकशी लागेल. हे सगळं खरं होतं, आणि तरीही बोलायला एकच वाक्य पुरलं असतं. मी उकिडवा बसलो होतो, साहेब. तिनं माझा हात चाटला होता.

"नाही साहेब," मी म्हणालो. "ऐकिवात नाही."

मी कागदाकडं बघत होतो. मामांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, कारण बघायची माझी हिंमत झाली नाही. फक्त त्यांचा आवाज ऐकू आला, शांत, नेहमीसारखा. "भाऊसायेबांस्नी कसं ठाव असंल सायेब? ते हापिसात बसत्यात. ही डोंगरातली रीत हाय." खोटं मी बोललो होतो, आणि ते झाकायचं काम त्यांनी केलं.

साहेबांनी सक्त ताकीद दिली. यापुढं कोणत्याही मोबदल्यात पिल्लू द्यायचं नाही, नाहीतर पिल्लं जप्त होतील. ताकीदपत्र मीच लिहिलं. मामांनी कागद आडवा धरून सही केली, मला 'राम राम भाऊसायेब' म्हणाले आणि गेले.

ही गोष्ट बायकोला कळायला संध्याकाळही लागली नाही. मला वाटलं, भांडेल. ती भांडली नाही. ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "त्या दिवशी पहाटं मी उठलेते. पाच थापल्या होत्या. दोन मोडल्या म्हणून परत थापल्या." एवढंच. मी तो घास किती वेळ चावत होतो कोण जाणे. ओशाळणं म्हणजे काय हे मला चाळिशीत कळलं.

मामांची अडचण तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. भाकरी घेऊन पिल्लू दिलं तर नियम मोडतो, आणि भाकरी न घेता दिलं तर रीत मोडते. "आईला न इचारता नेलं तर ती चोरी," ते येणाऱ्या मेंढपाळांना सांगत आणि हात जोडून माघारी पाठवत. त्या मेंढपाळाचं पिल्लूही त्यांनी जाऊन परत आणलं होतं. चारही पिल्लं वस्तीवरच राहिली, थोराड झाली. आता मामांच्या दारात पाच तोंडं आहेत, मामी दोनदा तवा चढवते, आणि ज्या कळपांना ती राखणदारी हवी होती ते कळप तसेच जातात. एकाची तीन कोकरं लांडग्यानं नेली, असं कानावर आलं. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यात तोवर मी तरबेज झालो होतो.

मी एक टिपणी लिहून ठेवली होती. 'पिल्लाच्या मातेस खाऊ घातलेले अन्न मोबदला समजण्यात येऊ नये.' खाली कारण द्यायला हवं होतं, आणि कारणात लिहायला हवं होतं की मी स्वतः या रीतीनं पिल्लू नेलेलं आहे आणि सुनावणीत खोटं बोललो. तेवढी एक ओळ सोडून टिपणी पूर्ण होती, आणि ती तशीच ड्रॉवरमध्ये पडून होती.

मला वाटलं होतं मामा आता आमच्याकडं येणार नाहीत. आले. पहिल्या बाजारी, ठरल्या वेळी. सोन्या साखळी तोडायला निघाला. मामांनी दात बघितले, कान बघितले, पाण्याचं भांडं पुसलं, ओट्यावर बसले. बायकोनं चहा आणला. मामांनी दोन्ही हात मागं घेतले. "चा नको गं बाई." ती म्हणाली, "तीन चमचे घातलीय मामा." मामा म्हणाले, "न्हाई. ह्या घरात मी पिल्लू दिलंय. इथं काय घेतलं तर मोबदला व्हईल." मला वाटलं टोमणा मारताहेत. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. चेहऱ्यावर टोमण्याचं चिन्ह नव्हतं. दिंद्रुडला, उमापूरला, सगळीकडं त्यांनी चहा सोडला होता.

माझ्यानं राहवलं नाही. "मामा, चहा त्यात येत नाही. मी सांगतो ना. ते कलम मीच लिहिलंय, तुम्हाला वाचून दाखवलं होतं."

"ठाव हाय की," मामा म्हणाले. त्यांनी सोन्याच्या मानेवरून हात फिरवला. "तुमचं कलम हाय म्हनून तर. जावयाचं लिव्हलेलं मी न्हाई पाळलं तर दुसरं कोन पाळंल?"

दुसऱ्या दिवशी मी ड्रॉवर उघडला, उरलेली ओळ लिहिली आणि टिपणी साहेबांपुढं ठेवली. साहेबांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, "तेव्हा का नाही बोललात?" मला नोटीस निघाली, ती रास्तच आहे. कलमाची दुरुस्ती पुढच्या सभेपुढं येईल. दुकानदारानं विरोध करायचं ठरवलं आहे, असं ऐकतो.

मामांना मी हे वस्तीवर जाऊन सांगितलं. ठकूबाई आता म्हातारी झाली आहे, तिनं मला ओळखलं, शेपटी हलवली. मला तिच्यापुढं उभं राहवेना. नोटिशीचं ऐकून मामांचा चेहरा उतरला. "कावून सांगितलं तुमी? नोकरीला बट्टा नको म्हनून तर मी..."

ते अजून येतात. पहिल्या बाजारी, ठरल्या वेळी. दात, कान, पाण्याचं भांडं. चहाचं विचारलं की म्हणतात, "सभेचा कागद येऊ द्या, मग पिऊ." बायको ऐकत नाही. दर वेळी त्यांच्यासाठी कप भरून ओट्यावर ठेवते, तीन चमचे साखर घालून. मामा त्याकडं बघत बघत सोन्याशी बोलतात, भाचीची चौकशी करतात आणि उठतात. ते कोपऱ्यावरून वळले की मी जाऊन ओट्यावर बसतो आणि तो गार झालेला चहा पितो. टाकून कसा द्यायचा? इतका गोड चहा मला सोसत नाही, पण संपवतो, आणि सोन्या माझ्याकडं न बघता रस्त्याकडं बघत बसलेला असतो.